अकरा महिन्यांचा सूड

३ मार्च, सकाळी ७
काल पुतणीच्या हळदीत मृणाली भेटली. माझी जुनी ज्युनिअर. दोन वर्षं माझ्या उरणच्या ऑफिसात भाडेकरार टाइप करायची, आता मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये टेक्नॉलॉजी डील्स करते. डीजे थांबला तेवढ्यात, चारचौघांत तिने विचारलं, "सर, अजून लीव्ह अँड लायसन्सच का?" बायका हसल्या. कल्पिताही हसली, आणि ती माझी बायको आहे.
संकल्प: पंधरा दिवसांत टेक्नॉलॉजी लॉयर. मग मृणालीला धडा.

५ मार्च
पाटी नवी. 'ॲड. प्रफुल्ल घरत, टेक्नॉलॉजी डील्स स्पेशालिस्ट.' खालचं 'भाडेकरार व ॲफिडेव्हिट करून मिळतील' तसंच ठेवलं. ते पुसायला पेंटर जास्तीचे मागत होता.

९ मार्च, दुपारी
ऑनलाइन कोर्स सुरू. चाळीस व्हिडिओ. पहिल्यातच कळलं की सॉफ्टवेअर सहसा विकत नाहीत, लायसन्स देतात. लायसन्स! एकोणीस वर्षं मी दुसरं काय करतोय? उरलेले एकोणचाळीस बघायची गरज नाही. झोपलो.

१४ मार्च
देव आहे.
चुलतभावाचा मुलगा अल्पेश आला. ट्रेलरवाल्यांसाठी त्याने ॲप केलंय. न्हावा शेवा बंदरात कुठल्या कंटेनर यार्डाच्या गेटवर किती रांग आहे, ते ड्रायव्हरला आधीच कळतं. त्यासाठी नोकरी सोडून चार वर्षं खपला. आता मुंबईची एक कंपनी ते वापरायला मागतेय. त्याचं म्हणणं एकच. "काका, वापरू देत, पन ॲप माझा ऱ्हायला पायजे." मी म्हटलं, निर्धास्त राहा.
मग कंपनीच्या पत्रावर त्यांच्या वकिलाचं नाव वाचलं. मृणाली. माझा चेहरा बघून अल्पेशला वाटलं मला ऊन लागलं. पाणी आणून दिलं.

१७ मार्च
तिचा मसुदा आला, चौसष्ट पानं. वाचला नाही. शत्रूच्या कागदावर लढायचं नसतं. माझा भाडेकराराचा फॉरमॅट काढला, 'फ्लॅट'च्या जागी सगळीकडे 'सॉफ्टवेअर' टाकलं, चहाच्या आधी पाठवूनही दिला. मुदत अकरा महिने, नेहमीप्रमाणे. वर एक बॉम्ब: वाद झाला तर फक्त उरण कोर्ट, आणि सह्याही उरणलाच. उतर म्हणावं मुंबईच्या लाँचमधून मोरा बंदरात, भर उन्हात.

२० मार्च
तीन दिवस उत्तर नाही. घाबरली.

२१ मार्च
उत्तर आलं. उरण मान्य, उलट आभार, त्यानिमित्ताने आईकडे राहता येईल. तिचं माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे हे लक्षातच नव्हतं.
पुढे चिमटा. कलम नऊप्रमाणे सॉफ्टवेअरच्या भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत आणि कलम दहाप्रमाणे त्यात मटण शिजवायचं नाही, हे ठेवायचं आहे का? (दहावं एका गुजराती घरमालकाचं राहून गेलंय.) बाकी सगळं मान्य. मालकी अल्पेशची, कंपनीला फक्त वापर, अकरा महिन्यांनी पुन्हा बोलू.
सगळं मान्य? इतक्या सहज? म्हणजे तिच्या ऑफिसात सगळे मिळून हसतायत. कल्पिता म्हणाली, काम झालं ना, आता गप्प बसा. तिला युद्धातलं काही कळत नाही.

२४ मार्च
भाडेकराराने जिंकलो तर मृणाली प्रत्येक लग्नात सांगत फिरेल. तिला तिच्याच हत्याराने लोळवायचं. दुसरा व्हिडिओ बघितला, अर्धा. मोठ्या डीलमध्ये 'असाइनमेंट' असते, 'परपेच्युअल' असतं, 'वर्ल्डवाइड' असतं. तिन्ही टाकली. नवा मसुदा रवाना. आता बोल.

२६ मार्च
बोलली, फोन करून. असाइनमेंट म्हणजे मालकी कायमची कंपनीकडे जाते, कंपनीला ते हवंच आहे, खरं तर समोरच्या बाजूची वकील म्हणून तिने हे विचारायलाही नको, पण अशिलाला विचारलंत ना सर? किती धूर्त बाई. मी माघार घ्यावी म्हणून भीती घालते. मसुदा अंतिम, म्हणून सांगितलं. "बरं सर," म्हणाली. आवाज पडला होता. महिनाभर याच आवाजाची वाट बघत होतो. येताना भजी आणली, एकट्याने संपवली.

२९ मार्च
अल्पेशला सहीला बोलावलं. पोरगा एकेक पान वाचत बसला. माझे अशील कधी वाचत नाहीत. बाराव्या पानावर थांबला.
"काका, ह्याच्यात माझा काय ऱ्हायला? सगला त्यांचा झाला."
मी समजावलं की हे वर्ल्डवाइड आहे. अल्पेश उठला. कागद टेबलावर नीट ठेवले, चपला घातल्या, गेला.
मग मीही ते पान वाचलं. पहिल्यांदाच. दोनदा वाचलं.

२ एप्रिल
अल्पेश पनवेलच्या कुणा वकिलाकडे गेला म्हणे. घरचा माणूस सोडून! मृणालीनेच फितवला असणार. तिच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार लिहायला घेतली. नक्की तक्रार काय, ते सुचेना. तिने मला वेळेवर सावध केलं, असं लिहावं लागेल. कागद फाडला.

७ एप्रिल, संध्याकाळी
भागुबाईवहिनीचा, म्हणजे अल्पेशच्या आईचा, फोन. आज सह्या हायत, दुसरा साक्षीदार आला न्हाय, भावोजी आधार कार्ड घेऊन या. जायचं नाही असं ठरवलं. गेलो.
अल्पेशच्या ओटीवर मृणाली, कंपनीचा माणूस, पनवेलचा वकील. कागद हातात घेतला तर माझाच पहिला मसुदा. पनवेलवाल्याने खिळे आणि मटण काढलं होतं, बाकी शब्दही हलवला नव्हता. छाती फुगली. आता बोल, अशा नजरेने मृणालीकडे बघितलं.
ती म्हणाली, "सर, हा फॉरमॅट तुमच्याकडेच टाइप करत शिकले. मालकाचं काही जाऊ देत नाही. हा आला तेव्हा मला अल्पेशची काळजी मिटल्यासारखी वाटली होती."
जिच्यावर महिनाभर दात धरला ती मला अजून सर म्हणत होती. ज्या पोराची चार वर्षं मी तिला हरवायला देऊन टाकणार होतो, तो माझ्यासाठी खुर्ची पुसत होता. फार लाज वाटली.
वकिलाच्या जागी पनवेलवाल्याचा शिक्का होता. मी खाली सही केली. साक्षीदार क्रमांक दोन.
घरी कल्पिताने विचारलं, झाला का सूड घेऊन. झाला, म्हटलं. कुणावर, ते तिने विचारलं नाही. ताट वाढलं.