शीतलच्या लॅबचा पाईप

५ एप्रिल, शनिवार
पयली आली सुशी, माझी धाकटी जाऊ. कुरडयांचा चीक घाटायला. हातापेक्षा तोंडच जास्त चाललं. मागनं टेंपोतनं दिलीप, माझ्या सांगलीच्या भावाचा लेक, लॅबसाठी वास ओढून घ्यायची पेटी घेऊन.

लॅब माझ्या नातीची, घरातल्याच एका खोलीत. शीतल डॉक्टर झाली, सांगताना अजून छाती फुगती. ऑपरेशनात काढलेले मासाचे तुकडे फॉर्मालिनच्या उग्र पाण्यात बुडवून, डब्यातनं येतात, ती कापून तपासती. वासानं डोळ्यांतनं धारा. त्यात तिला पाचवा महिना.

दिलीप म्हणला, "पेटीचा पंखा खिडकीत काढू, झालं."
"आन् वास बोळातल्या पोरांवर सोडू व्हय काका?" शीतल म्हणली.
"मग पेटीला फिल्टर लावू. हवा गाळून खोलीतच सोडती."
"फिल्टर कवा संपला, कळायचं कसं?"
शेवटी ठरलं, पाईप छतातनं गच्चीवर, माणसाच्या डोक्याच्या वर.
"आत्या, माझ्याच लेकीचं काम समजा," म्हणला. मी लगेच शिरा टाकला.

८ एप्रिल, मंगळ.
पेटी बसली. घुंऽऽ आवाज. काय छान! दिलीपला टोपी-टॉवेल केला. सुशीनंच कुंकू लावलं त्याला.

१० एप्रिल, गुरु.
शीतलचे डोळे लाल ते लालच. दुपारी ती गच्चीवर गेली पाईप बघायला. पाईप न्हाईच. सुशीच्या कुरडया तेवढ्या वाळत पडलेल्या.
छताखालचं पीओपीचं खोटं छत उचकटलं, तर पाईप आतच संपलेला. ओढलेला वास फिरून पोरीच्याच डोक्यावर.
फोन लावला. दिलीप म्हणतो, "सुशीकाकी म्हणाल्या, गच्चीवर मढ्याचा वास नको. म्हणलं, घरात भांडणं कशाला."
माझ्या चुलीपाशी बसून दोघांनी ठरवलं. आन् मी शिरा वाढत हुते.


१२ एप्रिल, शनि.
दिलीप आन् सुशी, दोघं आली. सुशी म्हणती, "आक्का, एवढ्याश्या वासानं काय हुतंय?"
म्हणलं, "मग बस की आत. शीतलला फॉर्मालिनचा डबा उघडायला सांगते."
सुशी उंबऱ्यातनंच मागं सरली.
शीतल वरडली न्हाई. एवढंच म्हणली, "मागच्या भिंतीनं न्या, पण वर न्या. तोवर मी डबा उघडणार न्हाई." लॅबला कुलूप. आलेले तुकडे साताऱ्याला धाडती.
सुशी व्हय म्हणली, माझ्याकडं न बघता. चहा दिला दोघांला, सवयीनं. गोड झाला का इचारलं न्हाई.
बुधवारी येतो म्हणालेत, पाईप वर न्यायला.