आरसा कोणाला, मला सांगू नका

५ नोव्हेंबर २०२४

आज पेशंटच्या हाताच्या हालचालीचं पहिलं माप एकटीनं घेतलं. प्रत्येक गुण लिहिण्याआधी दोनदा तपासला.

रुख्माबाई, गाव वडनेर, वय चोपन्न. ऑगस्टमध्ये बीपी चढला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, डावा हात गेला. सहासष्टपैकी अठरा गुण. बोटं मिटतात, उघडत नाहीत.

आमच्या अभ्यासात दोन गट. एका गटाला नेहमीचा व्यायाम. दुसऱ्याला तोच व्यायाम आणि वर आरसा — लुळा हात आरशामागे ठेवायचा, चांगला हात पुढे हलवायचा आणि आरशात बघत राहायचं. मेंदूला वाटतं, लुळाच हात हलतोय. कधी कधी मग तो खरंच हलायला लागतो. रक्तस्राव झालेल्यांना याचा किती उपयोग होतो, तेच शोधायचंय. कोण कुठल्या गटात हे माप घेणारीला, म्हणजे मला, कळता कामा नये. कळलं की मन एका बाजूला झुकतं आणि एखादा गुण जास्त पडतो. म्हणून मापाआधी एक वाक्य म्हणायचं असतं : "तुमच्याकडून काय करून घेतात ते मला सांगू नका."

रुख्माबाई म्हणाल्या, "तुले नाई सांगू त कोणाले सांगू वं? इचारून त तूच राह्यली."

शेवटचा प्रश्न असा की, हात बरा झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय. त्या लगेच म्हणाल्या, "लांब पोळी." आजूबाजूच्या गावांत लग्न असो की तेरवी, लांब पोळ्यांना त्यांनाच बोलावतात. सैल कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. एका हाताचं कामच नाही ते. फॉर्मवर नुसता 'स्वयंपाक' असा रकाना होता. मी बाजूला 'लांब पोळी' लिहिलं. असं लिहिलेलं चालतं का?

६ नोव्हेंबर

चालतं. अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना विचारलं.

१७ नोव्हेंबर

रविवार. अल्लीपूरला घरी. आईला माझं काम नीट समजावून सांगितलं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे मी काय करते याची तिला भारी उत्सुकता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सोळा-सतरा वर्सं शिकली, अन् आता काम काय, त मालूम नाई करून घ्याचं?"

बाबा जेवताजेवता इतके हसले की ठसका लागला. मलाही हसू आवरेना. पण खरंच, तेच तर काम आहे.

१९ डिसेंबर

काय करू?

सहा आठवड्यांचं माप आज वडनेरला त्यांच्या घरी होतं. सकाळची बस चुकली, म्हणून तासभर उशीर. दारात गेले तर आत एकदम धावपळ. रुख्माबाईंचे मालक महादेवराव खाटेवर काहीतरी ठेवून त्यावर घाईघाईनं लुगडं टाकत होते. "या या मॅडम, पाणी घ्या." मी पाणी घेतलं. समोर भिंतीवर रिकामा खिळा. खिळ्याखाली चौकोनी पांढुरका डाग, बाकी भिंत धुरानं काळी. आणि लुगड्याच्या काठाखालून काच चमकत होती.

मी मान वळवली. पण दिसायचं ते दिसून गेलं होतं.

माझं वाक्य म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महादेवराव म्हणाले, "नाई नाई, आमी कायीच नाई सांगत." मग नेहमीसारखा व्हिडिओ सुरू करून माप. रुख्माबाईंचा अंगठा उघडला. मनगट वर आलं. रिकामा पेला उचलला — टेबलापासून चार बोटं, पण उचलला! एकतीस गुण.

बसमध्ये बसल्यावर आनंदाच्या मागून भीती आली. त्या आरशाच्या गटातल्या आहेत हे मला कळलंय. मग हे एकतीस खरे, की आरसा पाहून मी दिलेले? पेल्याचे दोन दिले. एकच द्यायला हवा होता का? कोणी विचारणार नाही. मला आरसा दिसला हे कोणाला कळणारही नाही. मी सांगितलं तर रुख्माबाईंचं पुढचं माप दुसरं कोणी घेईल. आणि तो हात पूर्ण उघडलेला मला बघायचा आहे. खूप बघायचा आहे.

२० डिसेंबर

सांगितलं. मॅडमनी कागद पुढे सरकवला, "जे दिसलं तेवढंच लिही." मी खिळा लिहिला, डाग लिहिला, लुगडं लिहिलं. लुगड्याचा रंगही लिहिला. मॅडम म्हणाल्या, "रंग खोड."

मी विचारलं, नोकरी राहील ना? त्या म्हणाल्या, "कोण कुठल्या गटात ते मलाही माहीत नाही. यादी शेवटी उघडेल. तोवर त्यांचं माप निकेश घेईल. तू बाकीच्यांची घे. आणि जेवून घे आधी, चेहरा बघ."

निकेश माझ्यासारखाच मापं घेतो; रुख्माबाईंचा कागद त्याच्या फायलीत ठेवताना वाईट वाटलं. झोप मात्र लागेल.

२१ डिसेंबर

लागली नाही. पेल्याचे दोन की एक?

१० जानेवारी २०२५

सगळ्या मापांचे व्हिडिओ नागपूरला एका अनुभवी ताईंकडे जातात. त्या स्वतंत्रपणे गुण देतात. आज माझे निकाल आले. मॅडमनी बोलावलं तेव्हा जिन्यात दोनदा थांबले.

रुख्माबाईंचे माझे गुण एकतीस. ताईंचे तेहेतीस.

म्हणजे मी जास्त नाही, कमी दिले होते! एकदा नाही, बाराही पेशंटना एकेक-दोनदोन कमी. ताईंनी खाली लिहिलंय : "ही मुलगी घाबरून गुण कापते. पेशंटनं मिळवलेलं पेशंटला द्यायला शिकवा."

आता तीन दिवस मॅडम मला बारा जुने व्हिडिओ परत बघायला बसवणार आहेत. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणापासूनची खोड हाये तुही. परीक्षेतून आली का म्हने, नापासच होतो. अन् पेपरात नाव याचं."

६ फेब्रुवारी

निकेश शेवटचं माप घेऊन आला. मी काही विचारणार नव्हते. तो डबा उघडत स्वतःहून म्हणाला, "तुझ्या रुख्माबाई एकोणपन्नास. आणि मला म्हणाल्या, 'ते पोरगी काऊन नाई आली? तिले सांगजो, मी कायीच सांगितलं नवतं.'"

एकोणपन्नास. हातातली पोळी तशीच राहिली. त्यांना वाटतंय, त्यांच्यामुळे मला काढलं.

१६ मे

रुख्माबाईंचा फोन. रविवारी जेवायला बोलावलंय. पेशंटच्या घरी जेवावं का? माझं माप आता नाही, त्यांचं शेवटचंही झालंय. तरी मॅडमना लेखी विचारलं. उत्तरात त्यांनी नुसतं आंब्याचं चित्र पाठवलं. हे हो समजायचं का?

१८ मे

हो समजले.

परसात चूल पेटलेली, त्यावर उलटं मडकं. रुख्माबाई पाटावर बसल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. आधी मी त्यांना सांगून टाकलं की तेव्हा मला कोणी काढलं नव्हतं, मीच बाजूला झाले होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं माय, माह्या जिवाले लय लागलं होतं." आणि कणीक उचलली.

पहिली पोळी डाव्या हातावरून घसरली, थेट राखेत. महादेवराव म्हणाले, "कुत्र्याचा वाटा पयले काढला."

दुसरी मडक्यापर्यंत पोचली, पण मधोमध फाटली.  मी मनातल्या मनात गुण देत होते, मग स्वतःलाच रागावले.

तिसरी. उजव्या हातावरून डाव्या हातावर, परत उजव्यावर. डावा हात हळू, पण येत होता. कणीक लांबत लांबत कोपरापर्यंत गेली, आणि अख्खी मडक्यावर पडली.  रुख्माबाईंनी ओल्या मनगटानं डोळे पुसले तर कपाळभर कणीक लागली.

महादेवराव वाकून बघत म्हणाले, "डाव्या आंगानं जाड हाये."

"मंग पातळ आंग तुमी खा. जाड माह्या पोरीले द्या."

मी जाड बाजू खाल्ली, रसात बुडवून. अडीच पोळ्या. पोट फुटायची वेळ आली. इतकं चांगलं जेवण मी आयुष्यात जेवले नाही.

१४ ऑक्टोबर

आज गटांची यादी उघडली. रुख्माबाई नेहमीच्या व्यायामाच्या गटात आहेत. दवाखान्यानं त्यांना आरसा दिलाच नव्हता. त्यांचे एकोणपन्नास गुण आरसा न मिळालेल्यांच्या बाजूनं मोजले जाणार.

रुख्माबाईंना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. अभ्यासातला दुसरा पेशंट, वडनेरचाच हिरालाल, त्याला आरसा मिळाला होता. दवाखान्यातून परतताना बसमध्ये तो शेजारी बसायचा, त्यानं सगळं शिकवलं. महादेवरावांनी घरी जाऊन भिंतीवरचा आरसा काढला.

मी विचारलं, मग मी आले तेव्हा लपवला का?

"आमाले देल्ला नवता न दवाखान्यानं. तू रागावशीन वाटलं." मग त्यांनीच विचारलं, "पण पोरी, हिरालालले आरसा, त मले काऊन नाई?"