लिंबोणीवरची ताटली

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्टीलच्या ताटलीला टांगण्यासाठी तीन भोकं पाडली. एकमेकांपासून बरोबर एकशेवीस अंशांवर. लोक अंदाजाने पाडतात, मग ताटली एका अंगाला कलते. मोटार वाइंडिंग मी कुणाकडे शिकलो नाही, जळक्या मोटारी उकलून शिकलो. त्यापुढे फुलपाखरांची खानावळ म्हणजे काय!

उज्वला म्हणाली, "आवं, पाव्हण्यांची ताटली हाय ती." म्हटलं, पाहुण्यांसाठीच चाललीय.

तनुजा रविवारी नांदेडहून येतेय. इंजिनिअरिंगला नंबर लागत असताना पोरीने प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा जूनमध्ये मी एकच वाक्य बोललो — फुलपाखरांच्या मागे फिरून पोट भरतं का? तेव्हापासून तिचे फोन आईला. दिवाळीत चार दिवस होती. माझ्या वाट्याला 'हो' आणि 'नाही'. माफी मागायचा मला सराव नाही. ताटली करता येते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साखर एक भाग, पाणी दहा. उकळून गार. फुलपाखरांना लाल रंग लांबून दिसतो असं वाचलं. अख्ख्या मुखेडात लाल स्पंज नाही. हिरव्या स्पंजला उज्वलाच्या जुन्या ब्लाउजचं लाल फडकं गुंडाळलं. शेजारी काळं पडलेलं केळं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ताटली लिंबोणीला टांगली. जमिनीपासून चार फूट. पाणसळ लावून पाहिलं, केसाचाही फरक नाही.

संध्याकाळपर्यंत आलेले — मुंग्या, माश्या, एक गांधीलमाशी. फुलपाखरू शून्य.

शेजारचे किशनराव भिंतीपलीकडून बराच वेळ खाकरले. मग, "शेषेरावभाऊ, आज अवस हाय. ठाऊक हाय ना?" म्हटलं, मी कॅलेंडरात सुट्ट्या तेवढ्या बघतो. ते आत गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोरीला ग्रीस लावलं. मुंग्या बंद. एक पांढरं फुलपाखरू आलं, ताटलीवरून सरळ मिरचीच्या रोपावर जाऊन बसलं.

किशनरावांकडून दूध आलं नाही. उज्वला विचारायला गेली. त्यांची म्हैस कालपासून निम्मंच दूध देतेय. त्यांच्या आई साखराबाई उज्वलाला दारातच म्हणाल्या, "लिंबोणीला लाल फडकं, बाजूला सडकं केळं, आन् तेबी अवसंला. आमी काय वाकडं केलं व्हतं गं तुमचं?"

म्हणजे मी करणी केली! भिंतीपाशी गेलो आणि त्यांना एकास दहाचं प्रमाण शांतपणे समजावून सांगू लागलो. साखराबाईंनी कानावर पदर ओढला. "मंतर म्हणू नगं रं बाबा."

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मधल्या भिंतीवर पत्रावळ. साखराबाईंनी म्हशीवरून उतारा काढून ठेवलाय — गूळ, कुस्करलेली केळी, वर देशी दारूची अख्खी चपटी ओतलेली. उतारा तिठ्यावर ठेवतात, भिंतीवर नाही. किशनरावांना तसं म्हटलं तर ते खाली बघून, "माय म्हणती, ज्याचं त्याच्या दारी."

उज्वला पत्रावळीला हात लावू देत नाही. अंगणभर गुत्त्याचा वास. उद्या लेक येणार आणि तिला दाखवायला माझ्याकडे एक गांधीलमाशी आहे.

पाक बदलला. एकास आठ केला. प्रमाणात तडजोड आयुष्यात पहिल्यांदा.

२३ नोव्हेंबर, रविवार

तनुजा साडेदहाच्या एसटीने आली. रिकाम्या ताटलीभोवती एक चक्कर मारली, ग्रीसला बोट लावून पाहिलं. मग भिंतीकडे वळली आणि थबकलीच. पत्रावळ दिसत नव्हती, इतकी फुलपाखरं! तपकिरी, काळी, एक निळसर. सगळी पिऊन तर्र. तिने एकाला बोट लावलं, ते नुसतं सरकून बसलं. पोरगी हसायला लागली. उज्वलाकडून उताऱ्याची हकिगत ऐकून पाठमोरीच म्हणाली,

"बाबा, आजींनी यात गूळ किती घातला, विचारता का?"

वही घेऊन साखराबाईंच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. म्हटलं, मावशी, शिकवा.

"माप कसलं रं त्याला? मुठीनं."

तसंच लिहून घेतलं. गूळ — मूठभर.