नवव्या भागात पिवळी खूण नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहिणार. डोकं शांत राहतं म्हणतात. माझं शांतच आहे, पण असू दे.

ताई येतेय. शनिवारी, १५ तारखेला. काल फोनवर म्हणाली, आईला तुझा घोर लागलाय, मी येऊन डोळ्यांनी बघते. सुखात असलास तर राहा. तोंड लपवून जगत असलास तर तुझी बॅग मी भरणार, दाजींच्या टायरच्या दुकानात हवा भरायला माणूस हवाच आहे.

मी हसलो. हसताना फोन हातातून पडला.

दाजींच्या हाताखाली जाणार नाही. जीव गेला तरी. तशी भीती काही नाही. अडचण एकच. गेली दोन वर्षं दर रविवारी मी ताईला हे शहर सांगतोय. तीन कमानींचा दगडी पूल. बिनकाट्यांच्या घड्याळाचा मनोरा. मनोऱ्यामागे तळं, तळ्यात होडी चालवणारी म्हातारी. ताई म्हणाली, मला बाकी काही दाखवू नकोस, ते तळं तेवढं दाखव.

ते तळं ‘कंदीलवाला’ गेमच्या चौथ्या भागात आहे.

इथेही असेल. मी नाही म्हणत नाही. मी फक्त खोली, २७ नंबरची बस आणि लाँड्री एवढंच बघितलंय.

४ मार्च. संध्याकाळी

गेमच्या कंपनीला तक्रार पाठवणार आहे. कच्चा मसुदा:

कंदीलवाला मी पहिल्या भागापासून खेळतो. आठ भाग कशी शिस्त होती. हातात कंदील, समोर एक वाट. जिथे चढायचं त्या दगडाला पिवळा रंग. जे दार उघडतं त्यावर पिवळी खूण. खूण नसलेलं दार म्हणजे भिंतीवरचं चित्र, ते ढकलत बसायचं नाही. माणूस चुकायचाच नाही. नवव्यात तुम्ही पिवळा रंगच काढून टाकला. गावात आणून सोडता आणि एक म्हातारा म्हणतो, जा बाबा, वाटेल तिकडे जा. हे काय बोलणं झालं? वाटेल तिकडे म्हणजे कुठे?

सव्वीस दिवस झाले. मी अजून गावातच आहे. घाबरून नव्हे. अभ्यास चाललाय. कोंबड्या एकोणीस आहेत.

माझा रूममेट वेल्डर आहे, सगळे त्याला वेल्डरच म्हणतात. तो मागे बसून चहा पीत म्हणाला, अरे, कोंबड्यांची शिरगणती करायला ठेवलाय का तुला? कुंपणाबाहेर पड की. मी म्हटलं, घाईचं काम सैतानाचं. तो म्हणाला, तुझं काम बघून सैतान म्हातारा झाला.

याला गेममधलं काही कळत नाही.

५ मार्च. बसमध्ये

प्लॅन पक्का. रोज एक नवी गल्ली. आधी गेममध्ये सराव, मग रस्त्यावर. दहा दिवसांत दहा गल्ल्या. एकीत तरी तळं निघेलच.

आजपासून नको. पाय दुखतायत. लाँड्रीत ट्रॉली माझ्याकडे असते. एका दाराने हॉस्पिटलच्या मळक्या चादरी येतात, दुसऱ्या दाराने धुतलेल्या जातात. मळक्याकडून स्वच्छाकडे, एकाच दिशेने. ट्रॉली उलटी फिरवायची नाही, नाहीतर मळ स्वच्छ कपड्याला लागतो. रिकामी ट्रॉली मागे न्यायची तर बाहेर पडून इमारतीला वळसा घालायचा. आत-बाहेर सगळीकडे जमिनीवर पिवळा पट्टा, पट्ट्यावरून चालायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो पट्टा बघून मला रडू आलं होतं. आनंदाने.

बाहेरच्या वळशावर पत्र्याच्या कुंपणात एक हिरवं दार आहे. पट्टा तिकडे जात नाही, म्हणजे नुसतं चित्र.

६ मार्च. संध्याकाळी ७

गल्ली नंबर एक. स्टॉपवरून उजवीकडे जायचं सोडून डावीकडे वळलो. चपलांचं दुकान लागलं. पुढे किल्ल्या बनवणारा. पुढे रस्ता दोन ठिकाणी फुटतो. तिथे उभा राहिलो. किल्लीवाल्याने काहीतरी विचारलं. मी उलटा फिरलो आणि चालू लागलो. पळत नव्हतो, जरा जोरात चालत होतो.

एकूण चाळीस पावलं. पाहणी समाधानकारक. त्या बाजूला तळं नाही.

एक गोष्ट लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे? इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी २७ च्या ऐवजी ७२ मध्ये बसलो. शेवटच्या स्टॉपवर उतरवलं. सगळ्या इमारती एकसारख्या. पाट्या वाचायला गेलो तर अक्षरं किड्यांसारखी पळायला लागली. माझं शिक्षण सहावीपर्यंत, आणि तेही आपल्या भाषेत. चार तास फिरलो. लोक बाजूने जात होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एका भिंतीला पाठ लावून बसलो, पाठीमागून तरी कोणी येणार नाही म्हणून. खोलीवर कसा पोचलो ते अजून आठवत नाही.

त्या रविवारी ताईने विचारलं, शहर कसं आहे रे? मी म्हटलं, एक पूल आहे बघ, तीन कमानींचा.

८ मार्च, शनिवार

अनर्थ. मी आंघोळीला गेलो होतो. वेल्डरने माझ्या गेमला हात लावला. कंदीलवाल्याला कुंपणावरून उडी मारायला लावली, कुणाचा तरी घोडा पळवला आणि बर्फाच्या डोंगरावर नेऊन उभा केला. वर सेव्हही केलं!

मी ओरडलो, आता मी परत कसा येऊ? तो म्हणाला, परत कशाला यायचं? काय उजेड दिसतोय बघ तिथून.

बघितला. चारी बाजूंना वाटा. मशीन बंद केलं. कंदीलवाला तिथेच उभा आहे, एकटा, बर्फात. जेवताना त्याचाच विचार येत होता.

वेल्डरशी अबोला. त्याला अजून ते कळलेलं दिसत नाही.

१० मार्च, सोमवार

लाँड्रीत नवीन रंग द्यायचा म्हणून आतला पिवळा पट्टा खरवडून काढला. रंग उद्या देणार. मी मळक्या दाराशी भरली ट्रॉली घेऊन उभा राहिलो. मागे रांग लागली. मुकादम बाई आल्या. (कामावरचं बोलणं आता मला कळतं, दोन शब्द बोलताही येतात.) म्हणाल्या, काय रे, मुहूर्त बघतोयस का? मी म्हटलं, पट्टा नाही. त्या म्हणाल्या, दोन वर्षं हाच रस्ता चालतोयस, डोळे मिटून जाशील!

मी डोळे मिटून गेलो.

स्वच्छ चादरींच्या थप्पीत गेलो. दोनशे दहा चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. बाई म्हणाल्या, अरे, ती बोलायची पद्धत असते. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. संध्याकाळपर्यंत मात्र त्याच चादरी पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. मोजणी चुकू नये म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे सगळे गायब. अर्धा तास एक माणूस दिसत नाही. कुठे जातात देव जाणे. आज तर नक्की माझ्या चुगल्या करायला गेले असणार. मी ट्रॉलीशेजारी उभ्याने डबा खातो. शांतता असते.

१२ मार्च

तीन दिवस उरले. गल्ल्या बाकी नऊ.

आज शक्कल काढली. शोधायचं कशाला, विचारायचं! इथल्या भाषेतलं वाक्य वेल्डरकडून पाठ करून घेतलं. (अबोला तात्पुरता उठवला.) खालच्या दुकानातल्या अंडीवालीला विचारलं, इथे जवळपास तळं आहे का? तिने हात लांब करून थेट लाँड्रीच्या दिशेला दाखवलं आणि दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं.

तिला प्रश्न कळलाच नाही. तिकडे तर मी रोज जातो. तिकडे काही नाही.

वाईट वाटू नये म्हणून सहा अंडी घेतली.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी ६: ताप आल्यासारखं वाटतंय. आजारी माणसाला कोण तळं दाखव म्हणेल?

६.१५: ताप नाही.

६.४०: नवा प्लॅन. तळं दुरुस्तीसाठी बंद आहे. मनोराही. साधं, सोपं, कोणालाही पटेल असं.

ताईला काही आठवायचं नाही. आम्ही दोघं जुन्या मशीनवर खेळायचो तेव्हा बटणं माझ्याकडे आणि वाचायचं काम तिच्याकडे. कंदीलवाला काय बोलतो, पाटीवर काय लिहिलंय, सगळं ती वाचून दाखवायची. म्हणून तर मी पहिल्या तीन भागांतलं काही सांगितलं नाही. चौथ्याच्या वेळी तिचं लग्न ठरत होतं, तिचं लक्ष नव्हतं. मी सगळा विचार केलेला आहे.

रात्रभर डोळा लागला नाही. अंड्यांमुळे असेल.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

क्रमाने लिहितो. आज रजा टाकली होती.

ताईला आणायला स्टँडवर वेल्डरला पाठवलं. तो म्हणाला, बहीण तुझी आणि आणायला मी? मी म्हटलं, मला खोली आवरायचीय. खोली कालच आवरली होती. तासाने दोघं खिदळत आली. ताईच्या हातात केळी. येताना मधे उतरून, खुणा करून घेतली म्हणे, घासाघीसही केली. तिला इथली भाषा येत नाही. एक अक्षर नाही.

माझ्याकडे बघून म्हणाली, वाळलास की रे. आणि लगेच, चल तळ्यावर.

मी म्हटलं, तळं दुरुस्तीसाठी बंद आहे.

ती म्हणाली, तळ्याची कसली दुरुस्ती? पंक्चर काढतात का?

टायरवाल्याची बायको. मी हेही धरायला हवं होतं.

बाहेर पडलो. मी पुढे, ताई मागे. डोकं म्हणत होतं डावीकडे वळ, पाय २७ नंबरच्या स्टॉपला गेले. बस आली, बसलो. ताईने विचारलं, पूल कधी येणार? मी म्हटलं, येईल. लाँड्री आली. बाराची वेळ होती. मी म्हटलं, आधी माझं काम बघ. वॉचमनने सोडलं. मी तिला बाहेरच्या वळशाने नेत होतो. मी पट्ट्यावरून, ती कशीही.

हिरव्या दाराशी ती थांबली. म्हणाली, हे काय? मी म्हटलं, काही नाही, ते चित्र आहे.

तोंडातून गेलं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कडीला हात घातला. मी म्हटलं, नको, ताई, उघडू नकोस. तिची बाही धरली. लहानपणी धरायचो तशी. डोळ्यांपुढे तो ७२ नंबरचा स्टॉप आला. ती म्हणाली, अरे, नुसती कडी तर आहे, कुलूपसुद्धा नाही.

दार उघडलं. पलीकडे पाणी होतं.

तळं. हिरवट, फार मोठं नाही. दोन बदकं. आणि काठावर आमची अख्खी लाँड्री डबे उघडून बसलेली. मुकादम बाई बूट काढून, पाय पाण्यात सोडून. मला बघून म्हणाल्या, आला का शेवटी! आम्हाला वाटायचं, तुला आमच्यात जेवायला कमीपणा वाटतो. आणि ताईला हाताने खूण करून शेजारी बसवलं.

दिवसाला बारा फेऱ्या. दोन वर्षं. मी हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला.

ताई केळं सोलत म्हणाली, मनोरा कुठाय? मी म्हटलं, पाडला. ती म्हणाली, आणि होडीवाली म्हातारी? गेली असेल. मी म्हटलं, हो, मागच्याच महिन्यात.

मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, अरे वेड्या, चौथा भाग मी दोनदा संपवलाय. तू गवंड्याच्या हाताखाली जायचास ना, तेव्हा. होडीत बसताना म्हातारी विचारते, घरी वाट बघणारं कोणी आहे का? तिथे तू दर वेळी ‘नाही’च दाबायचास, मी मागून बघायचे. होडी बुडायची.

मी विचारलं, मग दोन वर्षं काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, इतकं रंगवून सांगायचास. आणि पहिल्याच रविवारी मला कळलं की तू कुठेच जात नाहीस. म्हणून तर आले.

डोळ्यांत ऊन गेलं. तळ्याकाठी फार ऊन असतं.

नोंद: ताईला तळं दाखवण्याची मोहीम यशस्वी.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी

ताई गेली. एकटी. स्टँडवर पोचवायला मी स्वतः गेलो. वेल्डर सोबत होता, त्याला हवा खायची होती.

मी म्हटलं, मग मी सुखात आहे असं ठरलं ना? ती म्हणाली, ते तू ठरव. हातात तिकीट ठेवलं. म्हणाली, परतीचं आहे, तुझ्यासाठी काढून आणलं होतं. यावर तारीख नाही. खिडकीवर जाऊन हवी ती टाकून घे. नको असेल तर नको टाकूस. आईला मी सांगते तळं खरं आहे म्हणून.

बस सुटेपर्यंत मी हात हलवला. मग तिकीट नीट बघितलं. तारखेची जागा कोरी. उद्या जाऊ शकतो. दहा वर्षांनी जाऊ शकतो. कधीच नाही असंही चालेल. ती मला ओढून नेती तर मी भांडलो असतो, रडलो असतो, जिंकलो असतो. हे म्हणजे नवव्या भागापेक्षा वाईट!

खोलीवर येऊन मशीन लावलं. कंदीलवाला बर्फात तसाच उभा होता. मी हिंमत करून त्याला दोन पावलं चालवलं. कड्यावरून पडला. आपोआप गावात परत आला.

कोंबड्या एकोणीस.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १२.४०

आजपासून रोज तळ्यावर जेवणार. सगळ्यांमध्ये बसून. ठरलं म्हणजे ठरलं.

१२.१० ला हिरव्या दाराशी पोचलो. पलीकडून हसण्याचे आवाज. कडी हातात धरून उभा राहिलो. मग काढली.

तळ्याच्या काठाने डावीकडे वाट जाते, उजवीकडे जाते, आणि मधे उतारावरून एक. मुकादम बाई म्हणाल्या, ये, बस ना. मी विचारलं, कुठे? त्या म्हणाल्या, बस की वाटेल तिकडे.

डबा उभ्यानेच खाल्ला. दाराला पाठ लावून.

पण दाराच्या पलीकडच्या बाजूने.