उत्तर देऊ शकत नाही

११ डिसेंबर
रोहिणखेड. मुलांना होणाऱ्या मारहाणीचा सर्व्हे, आज सहावं घर. घरामागच्या वाफ्यात तेराएक वर्षांची पोरगी मेथीच्या जुड्या बांधत होती. खरं नाव कुठंच लिहायचं नाही, म्हणून इथे रानी म्हणते. आई म्हणाली, "मुकी हाय ते. आयकूही येत नाही. तिले काय विचारता? मले विचारा, मी सांगतो."
अशांसाठी फॉर्मवर कोड ९ आहे. उत्तर देऊ शकत नाही. पेन टेकवलं. रानी माझ्या ओठांकडे एकटक बघत होती.
रकाना कोरा ठेवला.

१२ डिसें.
सर्व्हेच्या मॅडमना फोन. "नऊ टाक, पुढं हो. आईकडून मात्र भरून घेऊ नकोस. मूल एकटं असेल तरच विचारायचं."
याआधी मोताळ्यातल्या घरांत मी स्वतः किती नऊ टाकले? आठवून पाहिलं. एकाचाही चेहरा आठवेना.
परत येताना एसटीत कानात बोटं घातली. सगळ्यांचे ओठ हलत होते. बाहेर कापसाच्या गाड्या, ऊन, धुरकट डोंगर. सगळं पाण्याखालून चाललंय असं वाटलं. बुलडाण्याचा स्टॉप कधी आला कळलं नाही.

१५ डिसें.
सुट्टी. तरी गेले. रानीशेजारी बसून जुड्या बांधल्या. तिने हाताने म्हैस दाखवली, पाऊस दाखवला, माझी वेणी वाकडी आहे हेही. तीन वाजले होते की पाच, कोण जाणे. मी दिवसभर एक शब्द बोलले नाही आणि बोलायचं राहिलं असंही वाटलं नाही.

१८ डिसें.
रानीच्या आईची परवानगी घेतली. ती भाजी घेऊन बाजाराला गेली. पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. उगारलेल्या हाताचं कार्ड रानीने घेतलं, फिरवून माझ्यासमोर धरलं. माझ्या छातीवर बोट ठेवलं. तू?
हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. बाबा, चिंचेची फोक, मी दुसरीत. मान हलवली. हो.
तिने माझं मनगट उलटंसुलटं करून बघितलं. मग स्वतःही मान हलवली.
कोण, खुणेनं विचारलं. तिने एक खूण केली. पुन्हा केली. मला ती माहीत नव्हती. समजल्यासारखं करावं असं फार वाटलं. केलं नाही.

१९ डिसें.
मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "फॉर्म केला तेव्हा ही मुलं माझ्या डोळ्यासमोर नव्हतीच गं." खुणांची भाषा शिकवणाऱ्या एका बाईंना पाठवणार. त्यांनाही ऐकू येत नाही. लहान मुलांच्या घरगुती खुणा त्यांना लवकर उमगतात म्हणे.

२३ डिसें.
त्या बाई आणि रानी लांब बांधावर, समोरासमोर. दोघींचे नव्हे, चौघींचे हात जणू, इतके भराभर. रानी हसली. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, जाडसर, मोकळा. मी आणि आई विहिरीपाशी. ऊन कोवळं, हरभऱ्याचा वास. झोप यावी असं सगळं.
मग रानीचे हात संथ झाले. बाई पुढे वाकल्या.
आईने टोपलं खाली ठेवलं. "काय सांगून राह्यली ते?"
"मले नाही समजत, ताई," मी म्हणाले.
आई बांधाकडेच बघत होती. मग अगदी हळू, "माह्यं नाव घेते का?"