वगळलेली पेटी

सोमवार, ३ तारीख
सर्व्हर सांभाळणाऱ्या बंधुभगिनींनो, आपलं नाव निघतं ते फक्त काही बिघडल्यावर. सुरळीत चाललं तर आपण आहोत हेही कुणाला ठाऊक नसतं. म्हणून नव्या नोकरीची ही वही तुमच्यासाठी. पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळचं टेबल, थंडगार खोली, दोन मेल सर्व्हर: थोरला आणि धाकटा. काम थोरल्यावर चालतं. रोज दुपारी दोनला धाकटा कोरा करून सगळ्यांच्या टपालपेट्या त्याच्यावर उतरवायच्या. शुक्रवारी चारला अदलाबदल: थोरला पुसायचा, धाकटा जुंपायचा. शेजारी तक्रारी हाताळणाऱ्या आक्का बसतात. त्यांनी न विचारताच चहाचा दुसरा कप माझ्यापुढे सरकवला.

मंगळवार
पेटी कुणी उघडून धरली असेल तर तिला कुलूप दिसतं, नक्कल होत नाही. इथला नियम असा: तीनदा प्रयत्न करा, मग वगळा. तरी अहवालाच्या तळाशी ‘यशस्वी’! मी साहेबांना म्हणालो, हे तर आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. ते हसले. कुलूप मोडायचं नाही, एवढंच म्हणाले.

बुधवार
आक्का म्हणाल्या, रोज दोन कप भरायची त्यांना सवय आहे, पण कुणामुळे लागली ते आठवत नाही. माझ्या खुर्चीत आधी कोण बसायचं, असं त्यांनी साहेबांना मेलवर विचारलं. दोनला आक्कांच्या पेटीला कुलूप. त्या माझ्यासमोर डबा खात होत्या, त्यांचा संगणक बंद होता. पेटी कुठून धरलीय ते पाहिलं. साहेबांच्या खोलीतून.

गुरुवार
पुन्हा कुलूप. साहेबांनी नसत्या चौकशा करू नका म्हणून झापलं. आक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, “अरे, वगळली तर वगळली. मी कुठे पळून जातेय?”
मी हसलो. अहवालावर सही केली.

शुक्रवार
दोनला तिसऱ्यांदा कुलूप. चारला अदलाबदल माझ्याच हाताने केली. मान वर केली तर शेजारी टेबल नाही. फरशीवर चार पायांचे डाग. साहेब म्हणाले, तिथे कधी कुणी बसतच नव्हतं.
माझ्या हातात कप होता. अजून कोमट.

सोमवार
सगळ्यांना विचारलं. कोण आक्का? — हाच प्रश्न, एकाच सुरात. सही म्हणजे शपथ असते. मी खोटी शपथ घेतली. साहेबांना मेलवर जाब विचारला. पाठवल्यावर कळलं, आक्कांनीही हेच —

बुधवार
दोनचा अहवाल. एक पेटी वगळली. माझी.

गुरुवार
सर्व्हर बंदच करणार होतो. त्या खोलीचं कुलूप बदललंय. माझ्यापुढे आज चहा कुणी ठेवलाच —

शुक्रवार
माझ्या खुर्चीत नवा माणूस. साहेब त्याला अदलाबदल शिकवतायत. चारला पाच कमी. वही त्याच्या खणात टाकतोय —

भावा, ‘यशस्वी’वर जाऊ नकोस. वगळलेल्यांची यादी उघड. एकच नाव आहे. ते वाच आणि हात मागे घे. ते नाव —