धानाच्या कोठीखालचं नाव

१० नोव्हेंबर, रविवार. आसगाव

ठरलं! आईची खोली बांधायची – आईला न सांगता!

बाबा, माझा भाऊ सुगत आणि मी गोठ्यामागे उभे राहून चोरांसारखे कुजबुजत होतो. घराच्या मागे तीन नव्या खोल्या निघतायत. एक आई-बाबांची, एक सुगत आणि त्याच्या होणाऱ्या बायकोची. तिसरी कशाची म्हणून आईला विचारलं, तर तिचं नेहमीचंच – "मले काही नोको. धान ठेवाले कोठी करा." आयुष्यभर या बाईनं नको म्हटलंय. गाण्याची नवी पेटी आणते म्हटलं – नोको. नागपूरच्या डॉक्टरला डोळे दाखवू म्हटलं – नोको. भीमगीतांचं बायकांचं मंडळ चालवते, बारा जणी आहेत, आणि सरावाची जागा कुठली? अंगण! पाऊस आला की गोठा. मागच्या वर्षी ऐन कडव्यात म्हशीनं सूर धरला, बायका हसून हसून लोळल्या.

तर तिसरी खोली गाण्याची. पण आईला कळलं की संपलं. त्याच दिवशी ती खोलीत खरोखर धान भरून मोकळी होईल! म्हणून छत घालून होईपर्यंत सगळे चूप. बाबा म्हणाले, "तोंडाले कुलूप. अन् चाबी वैनगंगेत."

दुपारी आईच्या फोनमध्ये वाचून दाखवण्याची सोय चालू करून दिली. मंडळाची गाणी आता फोनवर येतात आणि मोतीबिंदू काढल्यावरही तिला बारीक अक्षर दिसत नाही. आता फोनमधली बाई मोठ्यानं वाचते. आईनं तिचं नाव ठेवलं फोनबाई. "चाय घेसान का, फोनबाई?" म्हणून विचारलंसुद्धा!

१२ नोव्हेंबर. भंडारा

नकाशा झाला. इथे ऑफिसात पाच वर्षं लोकांची घरं काढते, पण हात असा कधी चालला नव्हता. तिसऱ्या खोलीत हौसेनं लिहिलं – शकुनबाईंची गाण्याची खोली. बारा जणींची बैठक. पेटी खिडकीजवळ. आईला सांगू नये!

रिता म्हणाली, हे शेवटचं काय नकाशात? (रिता शेजारच्या टेबलावर बसते, राहतोही एकाच खोलीत, त्यामुळे तिचं नाक माझ्या प्रत्येक कामात असतं.) म्हटलं, ते ताराचंद मिस्त्रीसाठी. त्याच्या पोटात पाणी ठरत नाही.

१४ नोव्हेंबर

आईचा फोन. "माह्या घराचा नकाशा, अन् मलेच नाई दाखवत? मंडळातल्या बायका इचारून राहिल्या ना!"

आता आली का पंचाईत! तोच नकाशा उघडला. तिसऱ्या खोलीत लिहिलेल्या सगळ्यावर पांढरा चौकोन ठेवला आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं – धानाची कोठी. पीडीएफ केली, पाठवली. दोन मिनिटांचं काम! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन समोसे खाल्ले. दुसरा रिताचा होता.

२२ नोव्हेंबर

मेले! मेले!! मेले!!!

आज ऑफिसात कुलदीप सरांनी एका राईस मिलचा नकाशा दिला. त्यात एका कोपऱ्यात सरांनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवलेली – मालक रोज मत बदलतो, जिना सर्वात शेवटी काढणे. नकाशा मालकालाच जायचा होता. सर म्हणाले, "हर्षा, तेवढं झाकून दे." मी टिपेवर काळा पट्टा मारला, पीडीएफ केली. आता पाठवणार, तेवढ्यात रिता म्हणाली, थांब. तिनं पीडीएफमधलं सगळं निवडलं, कॉपी केलं, कोऱ्या पानावर टाकलं. आणि आला की मालक बाहेर! जिन्यासकट! काळा पट्टा नुसता वर पांघरलेला. खाली अक्षर न अक्षर जिवंत.

सर रागावले नाहीत, घाबरले. मग तिघांनी मिळून नीट केलं. नकाशाची वेगळी प्रत काढायची. त्यातली टीप झाकायची नाही, दिसेनाशी करायची नाही – पुसायचीच. मग पीडीएफ, आणि तिचंही चित्र करून टाकायचं, म्हणजे आत अक्षरं उरतच नाहीत. फाइलचं नाव आणि माहितीचा रकानाही बघायचा. (तिथे सरांनी लिहिलं होतं – कटकट मिल!) आणि पाठवण्याआधी पुन्हा सगळं निवडून, कॉपी करून, स्वतःच चोर होऊन शोधायचं. काही सापडलं नाही तरच पाठवायचं.

मी मोठ्या शहाणपणानं मान हलवत होते आणि मधेच आठवलं. आई! पांढरा चौकोन!

बाबांना फोन केला – आईचा फोन लपवा, मी रविवारी येते. बाबांनी लगेच धानाच्या पोत्यात खुपसला. तासाभरात पोतं वाजायला लागलं. आई म्हणे दारात उभी राहून विचारत होती, "तुमचं धान कोनाले फोन लावून राहिलं जी?"

२४ नोव्हेंबर, रविवार. आसगाव

सुटले! आईच्या फोनमधला जुना नकाशा उडवला, नवा घातला. यात नाव पुसलेलं, चित्र केलेलं, तीनदा तपासलेलं. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती.

"जुन्यात काय वाईट होतं व?"

"दार चुकलं होतं, माय."

"असं का." मग म्हणाली, "मले तं बारीक अक्षर दिसतच नाई, पोरी. कायले येवढी घाबरतेस?"

खरंच की! दिसतच नाही तिला! मी उगाच दोन रात्री जीव टांगून होते. इतकं हलकं वाटलं की शेंगा सोलू लागले तिला.

१९ जानेवारी, रविवार

भिंती उभ्या राहिल्या! आई रोज येऊन कोठीची चौकशी करते. आज ताराचंद मिस्त्रीला म्हणाली, "खिडकी मोठी ठेवजा. धानाले हवा लागते." मग, "फरशी गुळगुळीत पाहिजे. बसाले बरी पडते… पोते बसाले."

बाबा हळूच म्हणाले, "तुही माय धानाची लईच काळजी करून राहिली." मी तोंडावर ओढणी घेऊन हसले. बिचारी! काही म्हणजे काही पत्ता नाही तिला!

२ मार्च

आईला कोठीत खिडकीजवळ प्लग हवाय. उंदीर पळवायचं मशीन लावणार म्हणे! लावून दिला. आयताच पेटीजवळच्या माइकला होईल.

रिताला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसत सुटली, थांबेचना. काय झालं विचारलं तर सांगेना. पागल आहे.

५ एप्रिल

उद्या! भंडाऱ्याच्या बाजारातून पितळेची पाटी करून आणली – शकुनबाईंची गाण्याची खोली. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, शेजारच्या बाईनं तिच्यात बघून टिकली नीट केली. पेटी सुगतनं पोत्यात घालून आणली. या घरात पोत्यात काय निघेल याचा आता नेम नाही.

आईनं नको म्हटलं तर? सगळ्यांच्या देखत म्हटलं तर? सुगत म्हणतो, "नोको म्हणाले जागाच नाई आता, बांधून झाली." पण मला माहीत आहे ना ती.

६ एप्रिल, रविवार

जमलं!!!

वंदना झाली, खीर वाटली, मग बाबांनी पाटीवरचा कपडा ओढला. मी आईला पाटी वाचून दाखवली. तिनं पदर तोंडाला लावला. बोट फिरवून एकेक अक्षर चाचपलं. नको म्हणाली नाही! एकदाही नाही! मी तर सगळ्यांसमोर रडले.

मग मंडळाच्या बायका आत आल्या आणि एकीनंही विचारलं नाही कुठे बसू, आपापल्या जागी बसल्या. बाराही. रत्नाबाईंनी ढोलकी घेतली, आई खिडकीजवळ पेटीला. नवीनच गाणं म्हणाल्या – सांगू नको बाई, सांगू नको, मायले काही सांगू नको! काय योगायोग! बाबांनी टाळ्या वाजवून तळवे लाल केले.

७ एप्रिल

सकाळी आई चहाचे दोन कप घेऊन खोलीत आली. एक मला दिला. दुसरा फोनसमोर ठेवला.

"हा फोनबाईचा. तिनंच तं सांगतलं मले, पहिल्याच दिवशी. आंधी कोठी वाचली, मंग त्याच्याखालचं सारं वाचलं. आईला सांगू नये – हे बी मलेच सांगतलं!"

एवढे महिने! "मंग नोको काहून नाई म्हटलं, माय?"

ती पेटीचा भाता उघडत-मिटत राहिली.

"म्हणाचंच होतं. पन ते पुन्हा आयकलं. मंग आनखी एक डाव. शकुनबाईची खोली… आवडलं मले, पोरी. म्हणलं, या खेपेले नोको म्हणाचं नाई."

फोनबाईचा चहा मग आम्ही दोघींनी अर्धा अर्धा घेतला.